पितळी पट्टीवरचे सोळा ओहम

"अर्जदार भयभीत झाला असून" हे शब्द मी आजवर कितीतरी अर्जांत घातले आहेत. इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाच्या सावलीत माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही माझ्या मसुद्यातले वाक्य वकील मंडळी उचलून नेतात, हे तालुक्याला ठाऊक आहे. त्या शब्दांचा खरा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी, एका मंगळवारी भर दुपारी, माझ्याच घरात कळला.

तो प्रसंग ज्या यंत्रामुळे घडला ते यंत्र माझे नव्हते, ही गोष्ट प्रथमच नमूद करतो. ते माझ्या मास्तरांचे होते. मास्तर वालचंदनगरच्या वसाहतीत राहत, दिवसा विजेच्या मोटारी दुरुस्त करीत आणि रविवारी आम्हा दोन-चार जणांना विजेवरची गिटार शिकवीत. एका बंद पडलेल्या तंबूतल्या टॉकीजचा अँप्लिफायर त्यांनी आणला, तो मोडला आणि त्यातून गिटारसाठी नवा अँप्लिफायर घडवला. तो जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. चालू केला की आत निखारे धरल्यासारखा तांबूस उजेड पडतो आणि मिनिटभराने आवाज येतो. त्यातला मोठा ट्रान्सफॉर्मर मास्तरांनी स्वतःच्या हाताने गुंडाळला होता. वेढे मोठ्याने मोजत, कुणी मध्येच हाक मारली तर सगळे उलगडून पुन्हा पहिल्यापासून. आज त्यांना कंपवात आहे. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते. त्यामुळे तो ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसा दुसरा होणे नाही, हे मी जाणून होतो.

मास्तर वसाहतीतले घर सोडून इंदापुरात मुलीकडे राहायला आले तेव्हा तिथे या यंत्राला जागा नव्हती. त्यांनी ते माझ्या स्वाधीन केले. सोबत दोन आज्ञा दिल्या. "स्पीकरची वायर काढून हा कधी चालू करायचा न्हाय. आन् बंद असला तरी आत हात घालायचा न्हाय; आत करंट धरून बसलेला असतो." वर आणखी म्हणाले, "सांभाळता आला न्हाय तर सांग. मी दुसरीकडं देईन."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. विजेची मला लहानपणापासून भीती आहे. माझ्या चुलत्यांचा हात विहिरीवरच्या स्टार्टरला चिकटलेला मी पाहिला आहे. आजोबांनी वेळूच्या काठीने तो हाणून सोडवला. चुलते वाचले, परंतु त्यांची तीन बोटे कायमची आत वळली. पुढे कितीतरी वर्षे मी घरातले बटणसुद्धा शर्टाच्या बाहीने दाबत असे. असा माणूस हे यंत्र घरी ठेवतो यावरूनच त्याच्या आवाजावर माझा किती जीव होता ते कळावे.

त्या आवाजाचाच सारा खटला. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा खरा सूर आवाजाचे बटण पूर्ण फिरवल्याशिवाय उमटत नाही. हळू ठेवला तर तो कोरडा वाजतो. पूर्ण उघडला की त्याच तारेतून घोगरा, भरलेला, माणसाच्या गळ्यासारखा सूर येतो. परंतु मग आमच्या दोन खोल्यांची भांडी फळीवर नाचू लागतात. आणि आमच्या भिंतीपलीकडे बाळंतीण होती.

शेजारच्या आजींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दिवस भरण्याआधीच झाले. बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवून नंतर घरी आणले. ते मूठभर होते. बाळ आणले आहे याची मला वार्ता नव्हती, आणि मी एका सायंकाळी बटण पूर्ण फिरवून तार छेडली. दुसऱ्याच क्षणी पलीकडे आरडाओरडा झाला. आजी दारात आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"आवं भाऊ, काय माणूस हाय का कोण? पोर दचकून काळंनिळं पडलं! श्वास धरला त्यानं!"

मी हात जोडले. बाळ लगेच रडले आणि ठीक झाले, परंतु त्यानंतर मी तार छेडण्याचे धाडस केले नाही. त्याच आठवड्यात मास्तरांचा निरोप आला : पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी येतो, यंत्र कसे वाजते ते पूर्ण उघडून ऐकायचे आहे. आता काय करावे? हळू वाजवले तर मास्तर म्हणणार, हा नुसता धूळ खातोय. मोठ्याने वाजवले तर भिंतीपलीकडचा तो मूठभर जीव.

अशा पेचावर एक उपकरण मिळते असे मला मोबाइलवर पाहताना कळले. त्याला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे ही पेटी बसवायची. अँप्लिफायर पूर्ण जोराने चालतो, पेटी त्यातला बराच जोर स्वतःत जिरवून त्याची उष्णता करते, आणि स्पीकरला उरलेला थोडका जोर जातो. सूर तोच, आवाज लहान. पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात मी फोन लावला.

दुकानदार म्हणाला, "काका, दोन आहेत. एक साधी, एकाच ओहमची. दुसरी वजनदार, तिला ओहम बदलायचं बटण आहे. तुमच्या अँपचा ओहम किती?"

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचे माप. अँप्लिफायर, पेटी आणि स्पीकर या तिघांचे माप जुळले पाहिजे, एवढे मी वाचले होते. मी चष्मा लावून यंत्राच्या पाठीमागे पाहिले. तिथे पितळी पट्टी होती आणि तिच्यावर देखण्या अक्षरांत कोरलेले होते : सोळा ओहम.

"सोळा," मी सांगितले. "लेखी आहे."

"नक्की ना? स्पीकर मीटरवर मोजून बघा."

मला त्या माणसाचा थोडा रागच आला. मास्तरांच्या यंत्रावर पितळेत कोरलेली नोंद असताना मोजायचे कशाला? आयुष्यभर मी नोंदीवर चाललो. मी साधी पेटी मागवली, सोळा ओहमची.

त्या मंगळवारी बायको वाणसामान आणायला गेली होती. आजी लेक-नातवासह बारामतीला तपासणीला गेल्या होत्या. म्हणूनच मी ती वेळ निवडली. पायांत रबरी चपला घातल्या. बाही बोटांवर ओढली. स्पीकरची वायर काढून पेटीत खोचली, पेटीची वायर स्पीकरला लावली. मास्तरांची पहिली आज्ञा मोडतोय की पाळतोय हेच मला ठरवता येईना, कारण स्पीकर तर मी काढला होता आणि पुन्हा जोडलाही होता. तीनदा तपासले. मग चालू केले.

व्हॉल्व्ह तांबूस झाले. मी बटण पूर्ण फिरवले, तार छेडली. सूर आला! लहान, पण भरलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्यांदा छेडली, तिसऱ्यांदा जरा जोराने, आणि यंत्राच्या पोटात तडतड झाली. भिजलेल्या लाकडाची चुलीत होते तशी. जाळीतून आत एक निळी ठिणगी दिसली. पाठोपाठ जळका वास आला.

मी बटण शोधले नाही. भिंतीतला प्लगच बाहीसकट ओढून काढला आणि मागे सरताना तांब्या लवंडला. पाणी यंत्राकडे वाहू लागले. मी धोतराने, उशीने, हाताला येईल त्याने ते अडवले. मग पाण्यापासून लांब, खाटेवर पाय वर घेऊन बसलो. बायको आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो.

"साप निघाला काय?" तिने विचारले.

"नाही."

"मग वर का चढून बसलाय?"

"मास्तरांचा ट्रान्सफॉर्मर जळाला असावा," मी म्हणालो.

चार दिवस मी त्या यंत्राला शिवलो नाही. त्याच्यावर चादर टाकली. टेबलावर बसून लोकांचे अर्ज लिहीत होतो, पण रस्त्यावर कुणी म्हातारा माणूस हळू चालत येताना दिसला की हात थांबे : मास्तर तर नव्हेत? एका पक्षकाराने त्या दिवसांत मला सांगितले की मी त्याच्या अर्जात जावयाच्या जागी माझेच नाव लिहिले आहे. अशी चूक माझ्या लेखणीतून कधी झाली नव्हती.

बायको म्हणाली, "दाखवा की कुणाला. चादर टाकून ते बरं हुनार हाय व्हय?"

इंदापुरात दाखवणे शक्य नव्हते. जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देणाऱ्या इथल्या प्रत्येक वाइंडिंगवाल्याने मास्तरांच्या हाताखाली कधी ना कधी काम केले आहे. दिवस मावळायच्या आत बातमी त्यांच्या खाटेपाशी पोचली असती. म्हणून मी बारामतीचा रस्ता धरला. एमआयडीसीच्या बाजूला एक वाइंडिंगवाले तात्या शेतपंपाच्या मोटारी भरून देतात. व्हॉल्व्ह बायकोने काढले, कारण माझा हात आत जाईना. तिने ते जुन्या साडीच्या तुकड्यांत अंड्यांसारखे गुंडाळले. यंत्र मांडीवर, स्पीकर आणि नवी पेटी पायाशी घेऊन मी एका ओळखीच्याच्या टेम्पोत बसलो. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना प्रत्येक गतिरोधकाला मी श्वास धरीत होतो, आणि मला ते बाळ आठवत होते.

तात्यांनी यंत्र पाहिले. "हे कुटनं आनलं? आमच्या आज्ज्याच्या काळातलं हाय."

मी पेटी दाखवली, तिचे काम समजावून सांगितले.

"म्हंजी मोटर फुल्ल चालवायची आन् निम्म्याच्या वर पानी परत हिरीतच सोडायचं," तात्या म्हणाले. "कशापायी?"

"मोटारीचा आवाज गोड आहे म्हणून."

त्यांनी पेटी बाजूला ठेवली. मग स्क्रू काढले, दिव्याच्या होल्डरच्या दोन वायरी घेतल्या आणि आत टेकवल्या. चार दिवस बंद असलेल्या यंत्रातून टिचकी वाजली. मी दारापर्यंत गेलो.

"या की, आता न्हाय चावत. राहिलेलं काढून टाकलं."

त्यांनी स्पीकरला मीटर लावले. "साडेसहा."

"सोळा असायला हवे," मी म्हणालो.

"साडेसहा दाखवतंय म्हंजी आठचा स्पीकर. मीटरवर जरा कमीच येतं."

"तात्या, पट्टीवर सोळा कोरलेले आहे."

"पट्टी ऱ्हाऊ द्या. तुमी कचेरीम्होरं बसता न्हवं? सातबाऱ्यावर आज्जाचं नाव आन् जमीन नातू कसतोय, असं कदी बघितलं न्हाय?"

मी खाली बसलो. माझे अर्धे आयुष्य याच एका गोष्टीवर गेले आहे. नोंद एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, म्हणून किती अर्ज, किती हरकती, किती पंचनामे मी लिहिले! येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, "कागदावरचे राहू द्या, प्रत्यक्ष ताबा कुणाचा?" तोच प्रश्न या पट्टीला विचारण्याचे मला सुचले नव्हते.

"ट्रान्सफॉर्मर?" मी विचारले.

तात्यांनी मेगर काढला. वायरीच्या गुंडाळीत गळती आहे का ते पाहण्याचे, हाताने दांडा फिरवून चालवायचे यंत्र. ते दांडा फिरवीत होते आणि काट्याकडे पाहण्याची माझी छाती नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचीत होतो. सतरा, अठरा, एकोणीस.

"वाचलाय," तात्या म्हणाले.

मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले. ठिणगी पडली होती ती एका व्हॉल्व्हच्या बुडाशी. तिथे काळी रेघ उमटली होती. पेटीचे माप अँप्लिफायरच्या दुप्पट होते, म्हणून आतला दाब नको तिथून बाहेर पडायला बघत होता. जळका वास नव्या पेटीच्या रंगाचा होता. "अजून धा मिन्टं चालवलं असतं तर माझ्याकडं न्हाय, भंगारवाल्याकडं यायला लागलं असतं," असे सांगून त्यांनी व्हॉल्व्ह खोचायचे बूड बदलून दिले. "पन एक करा. ज्यानं हे गुंडाळलं त्याला इचारा, आतला ट्रान्सफॉर्मर बी आठचाच हाय का. मी बाहेरनं नुसतं ताडतोय. त्यो मानूस हाय ना अजून?"

माणूस होता. तिथेच खरी भीती होती.

दोन दिवस मास्तरांच्या दारावरून मी नुसता पुढे जात होतो. तोंडाने सांगणे मला जमणार नव्हते. शेवटी मी माझ्या टेबलावर बसलो, कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. पहिला मसुदा लबाडीचा होता : "विषय : अँप्लिफायरच्या ओहमबाबत माहिती मिळणेबाबत." ठिणगीचा त्यात उल्लेखच नव्हता. वाचून पाहिला. असा अर्ज घेऊन कुणी माझ्याकडे आला असता तर मी त्याला विचारले असते, "खरे काय ते का लपवता?" तो फाडला. दुसरा लिहिला : "अर्जदाराने आपल्या परवानगीवाचून स्पीकरची वायर काढून मधे परकी पेटी बसवली. त्यामुळे ठिणगी पडली. यंत्र वाचले आहे. अर्जदार भयभीत असून, यंत्र त्याच्याकडून काढून घेतले जाईल या भीतीने त्याने आठ दिवस ही बाब दडवली."

मास्तर ओसरीवर बसले होते. मी कागद पुढे केला आणि उभा राहिलो.

"तोंडाला काय झालं?" त्यांनी विचारले.

"वाचावे."

त्यांनी चष्मा लावला. कागद त्यांच्या हातात हलत होता, म्हणून वाचायला वेळ लागला. एका जागी थांबून ते मागे गेले, पुन्हा वाचले. मग म्हणाले, "ह्याला तिकीट लावायचं राहिलं."

मला हसू आले नाही.

"पेन दे."

साहेब लोक अर्जाच्या समासात शेरा मारतात तसा त्यांनी शेरा मारला. अक्षरे ओळीबाहेर गेली होती. मी वाचले : "आठ. जुना स्पीकर फाटला तेव्हा स्पीकर, ट्रान्सफॉर्मर दोन्ही बदलले. पट्टी बदलली नाही. चूक माझी."

"पट्टी का बदलली नाही, मास्तर?"

"आमच्यातल्या एका फिटरनं कोरली होती. किती सुरेख कोरलीय! मोडवंना." त्यांनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जळला असता की रं."

त्यांचाही आवाज भ्यालेला होता. त्यांना भ्यालेले मी पूर्वी पाहिले नव्हते आणि त्याने मला धीर येण्याऐवजी अधिकच धसका बसला.

साधी पेटी परत केली आणि वजनदार पेटी मागवली. तिच्यावरचे बटण आठवर लावून चिकटपट्टीने पक्के केले. अँप्लिफायरच्या जोराच्या दुप्पट जोर ती जिरवू शकते, हे या वेळी दुकानदाराला दोनदा विचारून घेतले. तात्यांनी जाड वायर करून दिली. गिटारची बारीक वायर इथे चालत नाही, तापते.

ठरलेल्या रविवारी मास्तर दुपारी चारला रिक्षाने आले. त्यांनी खुर्ची यंत्राला लावली, झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "कर चालू."

बाही बोटांवर ओढून मी चालू केले. पूर्ण उघडले. त्यांनी शिकवलेली पहिली धून घेतली. ती कशी वाजली हे मला सांगता येत नाही. माझा एक कान तडतड ऐकत होता आणि दुसरा भिंतीला होता. नाक वास शोधत होते. अर्ध्यावर आलो आणि दाराची कडी वाजली.

माझी बोटे तारांवरच गोठली. आजी दारात उभ्या होत्या. खांद्यावर बाळ.

"का वो थांबलात?" त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं सांगून यावं, पलीकडं पाळण्यात बारीकच ऐकू येतंय. पोरगं टकामका बघत हुतं. त्या दिवशीवानी न्हाय ना करनार?"

"नाही, आजी."

"मग वाजवा." आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

मी वाजवले. ते बाळ माझ्याकडे पाहत होते आणि मी त्याच्या छातीकडे, ती हलते आहे ना म्हणून. एकदा त्याने ओठ वाकडे केले. माझ्या तारेवरचे बोट घसरले. ते जांभई देत होते. धून संपवून मी प्लग काढला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

मास्तरांनी झाकणावरचा हात उचलला नव्हता. "कोमट हाय," ते म्हणाले. "जेवढा पायजे तेवढाच." मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या हातात हलू लागला, तसा त्यांनी माझ्याकडे दिला आणि पितळी पट्टीकडे मान केली.

दोन स्क्रू. त्यांच्यासाठी मला चुलत्यांची तीन बोटे आठवून मनातून पुसून टाकावी लागली. पट्टी निघाली, तिच्याखाली लाकूड अजून नव्यासारखे पिवळे होते. मी कागदाच्या तुकड्यावर ठळक "आठ ओहम" लिहिले, तारीख घातली, आणि त्यांनी खाली सही केली. ती सही मोडकीतोडकी आहे. ती मी तिथे डकवली.

मास्तरांनी पट्टी रुमालाने पुसून शर्टाच्या खिशात ठेवली. रिक्षा आल्यावर मी यंत्राकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. यंत्र नेणार का, हे विचारण्याचे धाडस झाले नाही.

"काय बगतोस?" ते म्हणाले. "मी पट्टी नेतोय. मला धरून नीट बसव तेवढं."

मी त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवले. ते दिसेनासे झाल्यावर घरात आलो आणि वायरी पुन्हा एकदा, बाही बोटांवर ओढून, तपासल्या.